मंगलमचा अनुस्वार गळाला: दाणेदार ग्लेझच्या बावीस पाट्यांचं प्रकरण

भट्टीचं झाकण उघडलं तेव्हा आत ९० डिग्री होतं, अजून तासभर थांबायला हवं होतं पण पहिल्या बॅचला कोण थांबतंय. वरच्याच शेल्फवर ‘मंगलम’ची पाटी, आणि तिच्यावर लिहिलेलं ‘मगलम’. अनुस्वार गायब. शोधला तर पाटीपासून दोन बोटं लांब, शेल्फवरच, निळ्या मण्यासारखा वितळून किल्न वॉशला (शेल्फला लावतात त्या संरक्षक लेपाला) चिकटून बसलेला. शेजारी ‘धनश्री’, तिच्या ध ची वरची फट बुजून ती ‘घनश्री’ झालेली, आणि खालच्या शेल्फवर ‘भाग्योदय’चा चक्क ‘माग्योदय’. सहा पाट्या होत्या, सहाच्या सहा बाद.

हे त्या ऑर्डरचं सगळं प्रकरण, जुलैपासून दसऱ्यापर्यंतचं. चुका माझ्याच आहेत, मटेरियल ठीकच होतं.

पुण्याच्या बाहेर एक रो-हाउसची सोसायटी आहे, बावीस घरं, आणि प्रत्येक दारावर घराच्या नावाची पाटी हवी होती. सेक्रेटरी काका स्वतः आले स्टुडिओत, हातात वही, वहीत बावीस नावं ऱ्हस्व-दीर्घ तपासून लिहिलेली. म्हणाले, "ताई, पेंट केलेलं नको, दोन पावसाळ्यांत जातं. ग्रॅनाइटवर कोरलेलंही नको, ते दवाखान्यासारखं दिसतं. अक्षर हाताला लागलं पाहिजे." मी त्यांना एक जुना मग दाखवला, त्याच्या पोटावर ग्लेझच्या दाण्यांचा पट्टा होता, खरबरीत पण टोचणार नाही असा. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, बास, हेच. मी पण हो म्हणून बसले. मगावरचा दोन बोटांचा पट्टा आणि बावीस पाट्यांवरची देवनागरी यात किती फरक आहे याचा विचार तेव्हा डोक्यात आलाच नाही.

पाटी ३० बाय १५ सेंटीमीटर, स्टोनवेअर माती, बिस्क (ग्लेझच्या आधीची पहिली भाजणी) १००० डिग्रीला, ग्लेझ कोन ६ ला (कोन म्हणजे भट्टीतली उष्णता मोजायचं माप), म्हणजे साधारण १२२०. अठरा जणांना ताकासारख्या पांढऱ्या बेसवर गडद निळी अक्षरं हवी होती आणि चौघांना उलटं, काळ्यावर पांढरी. ही चार जणांची हौस पुढे मला खूप शिकवून गेली.

ज्यांनी हा प्रकार कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नेहमीचं ग्लेझ म्हणजे पाण्यात कालवलेली पावडर, त्यात भांडं बुडवायचं किंवा ब्रशने लावायचं, भट्टीत ती पावडर वितळून काच होते. दाणेदार ग्लेझमध्ये तीच पावडर आधी रव्यासारखी दाणेदार करून घ्यायची आणि ते दाणे डिंकाने बेस ग्लेझवर चिकटवायचे. भट्टीत बेस वितळतो, दाणे अर्धेमुर्धे वितळतात, त्यात थोडे रुततात आणि वर उंचवटा राहतो. चाळीतली जुनी मोझॅक लादी आठवा, सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे. तिथे तुकडा तसाच्या तसा राहतो, सिमेंट त्याला धरून ठेवतं. इथे दोघंही वितळणारे, फक्त एकाच वेगाने वितळता कामा नयेत. दाणा बेसपेक्षा फार मऊ असेल तर पसरतो, फार कडक असेल तर टोचतो आणि निघतो. मला हे ऐकून माहीत होतं, पण ऐकून माहीत असणं काही कामाचं नव्हतं.

टाइलच्या कारखान्यात हे रोजचं आहे. गुजरातेत मोरबीला असो नाहीतर इटलीत सासुओलोला, फ्रिटचे, म्हणजे एका तऱ्हेच्या काचेचे, बारीक दाणे टाइलवर टाकतात, ग्रिट किंवा ग्रॅनिला म्हणतात त्याला. मशीन आधी डिझाइनप्रमाणे गोंद छापतं, मग वरून दाण्यांचा पडदा पडतो, जिथे गोंद नाही तिथले दाणे सक्शनने ओढून घेतात. आपल्याकडे मशीन नाही, तर गोंद छापायला स्पंज, दाणे टाकायला चहाची गाळणी आणि सक्शनच्या जागी फुंकर.

आता दाणे करायचे कसे, त्याचे मला माहीत असलेले तीन रस्ते. पहिला म्हणजे फ्रिट विकत आणून तेच फोडून चाळायचं. टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात विरघळतो म्हणून तो ग्लेझच्या बादलीत थेट टाकला की नसती डोकेदुखी, म्हणून कारखान्यात तो सिलिका वगैरेबरोबर वितळवून काच करतात आणि ती लालभडक काच पाण्यात ओततात, तडतडून तिचे तुकडे होतात, तेच फ्रिट. म्हणजे फ्रिट जन्मालाच दाणे होऊन येतं. पारदर्शक चमक हवी असेल तर छान, पण लवकर वितळतं, अक्षरासाठी एकटं चालत नाही. (स्वस्तात कुणी फ्रिट देत असेल तर त्यात शिसं नाही ना हे लेखी विचारून घ्या, विशेषतः जेवणाच्या भांड्यांसाठी.) दुसरा रस्ता कच्च्या दाण्यांचा: ग्लेझचा घोळ प्लास्टरवर सुकवायचा, त्यात आधी थोडं सीएमसी (सेल्युलोजचा डिंक) टाकलेलं असतं म्हणजे तो खडा धरतो, मग लाटण्याने चुरायचा. स्वस्त, सोपा, आणि पाण्याचा थेंब लागला की चिखल. तिसरा भाजलेल्या दाण्यांचा, त्यावर नंतर येते कारण शेवटी तोच वापरला.

पहिल्या खेपेला मी अर्थातच सोपा रस्ता घेतला. रेसिपी कोन ६ ला जगभर चालणारी, पाच गोष्टी वीस-वीस: वोलास्टोनाइट, बोरॅक्स फ्रिट, पोटॅश फेल्डस्पार, चायना क्ले, सिलिका. बेसला हीच रेसिपी वर १० टक्के झिरकॉन, म्हणून पांढरा. निळ्या दाण्यांना हीच रेसिपी वर दीड टक्का कोबाल्ट कार्बोनेट आणि तीन टक्के आयर्न ऑक्साइड, झिरकॉन नाही. काळ्या बेसला आयर्न आणि थोडा कोबाल्ट, आणि त्यावरच्या पांढऱ्या दाण्यांना १२ टक्के झिरकॉन. मला वाटलं सगळं एकाच घरातलं आहे, एकमेकांशी जमेल. पण झिरकॉन ग्लेझला घट्ट करतो. म्हणजे पांढऱ्या बेसपेक्षा निळा दाणा मऊ, आणि काळ्या बेसपेक्षा पांढरा दाणा कडक. एकाच बॅचमध्ये दोन उलट्या चुका करून ठेवल्या होत्या मी.

शिवाय दाणे चाळले म्हणजे काय केलं तर चहाच्या गाळणीतून जे खाली पडलं ते सगळं वापरलं. त्यात मोठा दाणा, छोटा दाणा, पीठ, सगळं एकत्र. टेस्ट केली होती, नाही असं नाही, पण टेस्ट टाइलवर एक भरीव चौकोन काढला होता आणि तो झकास आला होता. चौकोनाला ना अनुस्वार असतो ना फट.

मग बिस्क पाटीवर बेस ग्लेझ ओतलं, सुकल्यावर त्या कच्च्या भुकटीवर ओएचपीच्या (जुन्या प्रोजेक्टरच्या) पारदर्शक प्लास्टिकमधून कापलेला छापा ठेवला, स्पंजने बाभळीच्या डिंकाचं पाणी लावलं, छापा उचलला, दाणे टाकले, उरलेले झटकले, थेट भट्टीत. ११०० पर्यंत नेहमीसारखं, पुढे तासाला ६० डिग्रीने १२२० पर्यंत आणि वर वीस मिनिटं होल्ड, म्हणजे तापमान तिथेच धरून ठेवायचं. आणि मग तो ‘मगलम’.

काकांना फोटो पाठवावाच लागला. त्यांचं उत्तर आलं, "ताई, मगलम लावलं दारावर तर मला वास्तुशांत परत करावी लागेल." पुढे दोन मिनिटांनी, "घाई नाही. पण दसरा."

दोन दिवस मी नुसत्या त्या सहा पाट्या घेऊन बसले. हातात भिंग आणि एक जुनी डेंटिस्टची सुई. हे मी कुणालाही सांगेन, बाद झालेला माल फेकायच्या आधी फोडा. ‘मंगलम’ची पाटी मी टाइल कटरने अनुस्वाराच्या जागीच कापली. तिथे बेस ग्लेझचं एक गोल टक्कल होतं, खाली नुसती माती, आणि टकलाची कड वर उचललेली. म्हणजे अनुस्वार दाण्यांचा निसटला नव्हता, तो बेस ग्लेझची खपली घेऊन गेला होता. डिंकाच्या पाण्याने कच्चं ग्लेझ खाली भिजलं, डिंक सुकताना आवळला आणि त्याने ती खपली ओढून काढली. अक्षराच्या लांब रेघेला आजूबाजूचा आधार असतो, अनुस्वाराला कुणाचाच नाही. सहा मिलीमीटरचा एकटा ठिपका, शेल्फवर ठेवताना जरा हिसका बसला असेल, उडाला.

फटी बुजल्या त्या वेगळ्या कारणाने. भिंगातून बघितलं तर मोठे दाणे जागच्या जागी होते, पसरलं होतं ते पीठ. बारीक कण आधी वितळतात, वितळून दोन रेघांमध्ये ओघळतात, वर कोबाल्ट तर असा की चिमूटभर सुद्धा लांबवर निळं करतो. ध आणि घ मध्ये, भ आणि म मध्ये फरक तरी केवढा असतो, शिरोरेघेवरची तीन मिलीमीटरची मोकळी जागा. रोमन अक्षरात एवढं चाललं असतं बहुतेक, आपल्या लिपीत नाही चालत.

आणि काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांच्या दोन पाट्या, त्यांची तऱ्हाच निराळी. तिथे काही वाहिलं नाही, पण अक्षराभोवती दुधाळ धुकं आलं होतं, कारण बारीक पीठ काळ्या बेसमध्ये विरघळून त्याला गढूळ करून गेलं. वरचे मोठे दाणे मात्र पॉलिश पेपरसारखे टोकदार, आणि जिथे दाण्यांचा ढीग जाड पडला होता तिथे नखाने खरवडलं की वरचा थर मीठ सांडल्यासारखा खाली. खालचा थर पक्का होता, त्याला बेस मिळाला होता. वरच्याला ना बेस मिळाला ना शेजारी, सगळेच कडक.

मोरबीला टाइल कंपनीत असलेल्या कॉलेजच्या मित्राला फोन केला. मी रेसिपी सांगायला लागले तर त्याने मध्येच थांबवलं, "रंग नंतर सांग. दाणा कितीचा?" म्हटलं, चाळलाय. "अगं, कितीच्या खालून आणि कितीच्या वर?" मला एकच चाळणी माहीत होती, मोठे दाणे अडवायची. त्याच्या मते दाण्याला दोन चाळण्या लागतात, एक मोठे अडवायला आणि एक पीठ टाकून द्यायला, आणि लोक पहिली घेतात, दुसरी विसरतात. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मदतीला येणाऱ्या मावशींनी डब्यात बोट घालून न विचारता तेच सांगितलं, "ह्यात रवा आन मैदा एकत्र झालाय की."

त्यानंतर आम्ही दाण्यांना स्वयंपाकघरातलीच नावं दिली, मेशचे आकडे (चाळणीच्या एका इंचात किती भोकं) लक्षात राहत नाहीत. १६ मेशच्या वर राहतो तो लापशी रवा, साधारण सव्वा मिलीमीटर आणि पुढे. ३० मेशमधून जाणारा आणि ६० वर अडणारा तो बारीक रवा, म्हणजे पाव मिलीमीटर ते ०.६ मिलीमीटर. ६० च्या खालचं सगळं मैदा. अक्षरांसाठी फक्त बारीक रवा, बाकी काही नाही.

आता भाजलेले दाणे. कोरडी रेसिपी मोजायची, भाकरीच्या पिठाइतपत पाणी घालून मळायची, सेंटीमीटरभर जाड थालीपिठं थापायची, पूर्ण सुकवायची, मग बिस्कच्या फुटक्या तुकड्यावर ॲल्युमिना (चिकटू न देणारी पांढरी पूड) भुरभुरून त्यावर ठेवून भाजायची. मी पहिला घाणा आळसाने बिस्कबरोबरच १००० ला लावला तर त्याचा दगड झाला, खलबत्ता हरला. नंतर छोट्या भट्टीत ८८० ला केलं तेव्हा बरोबर नानकटाईसारखं आलं, दाबलं की तुटतं पण भुगा होत नाही, आतलं फ्रिट नरम होऊन बाकीच्यांना धरून ठेवतं एवढंच. हे दाणे पाण्यात टिकतात, आणि खरा फायदा तोच, कारण मग ते तांदळासारखे धुता येतात. कुटून चाळल्यावर वाडग्यात घेऊन पाणी घालायचं, ढवळायचं, गढूळ पाणी ओतून द्यायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीनाकारीवाले खलात काच घोटून अशीच धुतात, नाहीतर रंग धुरकट येतो. ते गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत बसू द्या, पाइप तुंबला तर प्लंबर येऊन तोंडाकडे बघतो.

कुटताना मास्क लावायचाच, एन९५, रुमाल नाही. आत सिलिका आहे आणि फुप्फुसात गेलेली सिलिका बाहेर येत नाही. मी तर कुटताना वर पाण्याचा स्प्रे मारते आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसते. यावर जास्त बोलत नाही, पण हे ऐच्छिक नाही.

एक किलो भाजलेल्या मालातून मला ३० ते ६० मधला रवा मिळाला ४१० ग्रॅम, वर अडला १८० ग्रॅम जो परत कुटला, बाकी सगळा मैदा. एका पाटीला दाणे लागतात साधारण १२ ग्रॅम, म्हणजे बावीस पाट्यांना २६५ च्या आसपास, वर टेस्ट आणि सांडलवंड. हे आधी मोजलं असतं तर पहिल्यांदा तीन किलो कच्चा चुरा करून ठेवला नसता.

लोखंडी खलबत्त्याने पांढऱ्या दाण्यांत मात्र तपकिरी ठिपके आले, लोखंडाचे कण. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दाण्यांतून चार वेळा फिरवला, पिशवी उलटी केली की कण बाजूला. निळ्या दाण्यांना हा त्रास नाही, त्यांच्यात लोखंड आधीच आहे.

रेसिपी दोन दिशांना बदलली. निळा दाणा घट्ट करायचा होता, म्हणून फ्रिट २० वरून १२, चायना क्ले आणि सिलिका दोन्ही २४, फेल्डस्पार आणि वोलास्टोनाइट तसेच वीस-वीस, आणि कोबाल्ट दीडवरून एक टक्का. पांढरा दाणा मऊ करायचा होता, तिथे फ्रिट २६, क्ले आणि सिलिका सतरा-सतरा, बाकी तेच, झिरकॉन १२ वरून ८. माझा फ्रिट बोरॅक्सचा साधा लोकल आहे, तुमचा वेगळा असेल तर हे आकडे जसेच्या तसे उचलू नका, दाणा बेसच्या मानाने कुठे पडतो ते बघा.

आणि सगळ्यात मोठा बदल, कच्च्या बेसवर काही लावायचंच नाही. पाटी आधी नुसता बेस लावून १२२० ला पूर्ण भाजायची, मग त्या तयार काचेवर डिंक आणि दाणे, मग परत भट्टीत. वीजबिल वाढलं, मी मनातल्या मनात रेट कमी लावला म्हणून स्वतःला चार शिव्या घातल्या. पण आता पुसता येत होतं. चुकीच्या जागी दाणा पडला तर ओल्या ब्रशने उचलायचा. कच्च्या ग्लेझवर ते शक्य नसतं आणि पांढऱ्यावर सुटलेला प्रत्येक निळा दाणा म्हणजे कायमचा तीळ.

काचेवर डिंकाचं पाणी थेंब थेंब होऊन गोळा होतं हा नवीन त्रास. डिंक जाड केला, मधासारखा, त्यात थोडं ग्लिसरीन घातलं म्हणजे लगेच सुकत नाही, आणि पाटी आधी स्पिरिटने पुसली कारण बोटाचा ठसा जरी असला तरी तिथे डिंक बसत नाही. पावसाळ्यात हा डिंक दोन दिवसांत आंबतो, वास येतो, रोज ताजा करायचा.

छापा पण बदलला. ओएचपीच्या छाप्यात व चं, ब चं पोट सुटं पडतं, ते धरून ठेवायला मध्ये पूल सोडावे लागतात आणि मग अक्षर गोदामातल्या पेटीवरच्या मार्किंगसारखं दिसतं. म्हणून गेले पेठेत, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका स्क्रीन प्रिंटरकडे. त्याला सांगितलं, शाई नाही, डिंक छापायचाय, जाळी जाड हवी. त्याला काही विचित्र वाटलं नाही, विचित्र वाटलं ते अक्षर. कारण आर्टवर्कमध्ये मी ध आणि भ च्या फटी पाच मिलीमीटर केल्या होत्या आणि अनुस्वार सहावरून नऊ. "मॅडम, अनुस्वार एवढा? लाडू वाटतोय." म्हटलं, लाडूच पाहिजे, गेल्या वेळची बुंदी उडाली.

टेस्टसाठी या वेळी अख्खा शब्द केला, ‘धंभम’. अर्थ काही नाही, पण त्यात सगळी दुखणी आहेत, ध, भ, म आणि वर अनुस्वार. पहिल्या सहा बाद पाट्यांच्या कोऱ्या पाठीवर ग्लेझ लावून त्याच वापरल्या टेस्टला. तीन वेळा भाजलं. पहिल्यांदा परत १२२० ला नेलं तर निळा अजूनही थोडा पसरला. दुसऱ्यांदा ११५० ला तर दाणे चिकटले पण कोरडे, ओल्या फडक्याला निळं लागलं नाही पण स्क्रॉच-ब्राइटने दोन दाणे निघाले. तिसऱ्यांदा कोन ५, ११९० च्या जवळ, होल्ड अजिबात नाही. तिथे बसलं. दाण्याची टोकं गोल, खालचा तिसरा भाग बेसमध्ये रुतलेला, भिंगातून बघितलं तर प्रत्येक दाण्याच्या पायाशी बेसची बारीक ओली कड चढलेली, पाण्यात ठेवलेल्या गोट्यांना दिसते तशी. ती कड दिसली की समजायचं धरलं. नंतर नख, फडकं, स्क्रॉच-ब्राइट, तिन्ही पास.

दाणे टाकायची पद्धत मावशींनी बसवली. मी गाळणी हलवत होते, त्याने एका जागी ढीग पडायचे. त्यांनी गाळणी एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने नुसती टिचकी मारायला सुरुवात केली, रांगोळीचा छापा भरतात तसं. मग दहा मिनिटं थांबून पाटी उभी करून मागून दोनदा टकटक. जे चिकटलंय ते राहतं, जास्तीचं परातीत. एकच थर, फार तर दीड. दाण्यावर दाणा चढला की मध्ये हवा अडकते आणि तिथे फोड येतो, शिवाय वरचा दाणा उपाशी राहतो हे आधी सांगितलंच.

‘सागरिका’वाल्या काकू मूळच्या रत्नागिरीच्या, त्यांनी किनाऱ्यावरची काळी वाळू चिमूटभर पुडीत दिली, म्हणाल्या हिचं काही होईल का. त्या वाळूत इल्मेनाइट असतं, लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज, आणि ते ग्लेझमध्ये तपकिरी-काळे ठिपके देतं हे माहीत होतं. गोड्या पाण्याने तीन वेळा धुतली कारण मीठ आणि शिंपल्याचा चुरा दोन्ही नको होते, मग त्यांच्या पाटीच्या खालच्या कडेला एक बारीक ओळ टाकली. प्रत्येक कणाभोवती गंजाचं छोटं वलय आलं. सगळ्या बॅचमधला तो माझा आवडता भाग, आणि त्याला रेसिपीच नाही.

फायनलला २४ पाट्या घेतल्या, दोन जास्तीच्या म्हणून ‘मंगलम’ आणि ‘धनश्री’ दोनदा, मनातली भीती दुसरं काय. दुसऱ्या भाजणीला चढताना हळू गेले, कारण पूर्ण भाजलेली सपाट पाटी परत गरम करताना तडकू शकते, ५७३ डिग्रीच्या आसपास क्वार्ट्झ एकदम फुगतो, तिथून जाताना तासाला ६० च्या वर नको आणि उतरताना सुद्धा तेच. तरी एक तडकली, जास्तीची ‘धनश्री’च. आणि काळ्यावरच्या चारपैकी एका पाटीत अक्षराची एक रेघ किंचित सरकली, ती मला दिसते, घरमालकांना नाही दिसली. बाकी सगळ्या दसऱ्याच्या तीन दिवस आधी गेल्या. काकांनी वही काढून प्रत्येक पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, अनुस्वारावर नख घासून बघितलं, मगच चेक दिला.

मागच्या महिन्यात, एक अख्खा पावसाळा उलटल्यावर, मी मुद्दाम जाऊन सगळी दारं बघून आले. दाणे कुठेही निघालेले नाहीत, फक्त एका ठिकाणी इलेक्ट्रिशियनच्या ड्रिलचा चक आपटून श्रीच्या वेलांटीतले चार दाणे गेलेत. पण एक गोष्ट मी हिशोबात धरलीच नव्हती: दाण्यांमध्ये धूळ बसते. काळ्यावरची पांढरी अक्षरं चारही घरांत राखाडी झाली आहेत, रस्त्याकडेच्या दोन घरांत जास्त. एक काकू जुन्या टूथब्रशने दर अमावास्येला घासतात, त्यांची पांढरीशुभ्र आहे. निळी अक्षरं मळतात पण दिसत नाही. पुढच्या ऑर्डरला काळ्यावर पांढरं कुणी मागितलं तर दाण्यांवर पारदर्शक फ्रिटचा एक हलका हात देऊन बघणार आहे, मधल्या खाचा अर्ध्या भरतील असा. त्या चौघांना तोपर्यंत टूथब्रश.